कोल्हापुरात नव्यानं येताय? इथली हवा, इथला पाऊस आणि पंचगंगेची पातळी

बदली होऊन, शिवाजी विद्यापीठात प्रवेश घेऊन, गोकुळ शिरगाव नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी धरून, किंवा नुसतंच अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून दरवर्षी कितीतरी माणसं पहिल्यांदा कोल्हापुरात येतात. येण्याआधी बहुतेकांनी फोनवर हवामान बघितलेलं असतं. उन्हाळ्यात पारा ३७-३८ च्या आसपास, थंडीत १४-१५, वर्षाचा पाऊस साधारण हजार मिलिमीटर. आकडे खरे आहेत, पण एवढ्यावर इथं राहायची तयारी होत नाही.

मी सोलापूरकडची. आमच्याकडं ऊन सोसायचं आणि पावसाची वाट बघायची, एवढंच हवामान ठाऊक होतं. लग्नानंतर कोल्हापुरात आले आणि २०१९ आणि २०२१ असे दोन्ही महापूर इथंच बघितले. इथल्या जुन्या माणसांना जे सवयीनं कळतं ते नव्या माणसाला कुणी मुद्दाम बसवून सांगत नाही. ते सांगावं म्हणून हे लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: डोक्यावरचं आभाळ बघून कोल्हापूरचा अंदाज बांधू नका. इथं जे घडतं ते पश्चिमेकडून येतं.

१. आधी जिल्ह्याचा नकाशा उघडा

शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पश्चिमेला साधारण ५५ किलोमीटरवर गगनबावडा, म्हणजे सह्याद्रीचा माथा. पलीकडं उतरलात की कोकण. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडून वर चढतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शहरात येईपर्यंत हजार उरतो. आणखी पूर्वेला शिरोळ तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या घरात. एकाच जिल्ह्यात, शंभर किलोमीटरच्या आत, दहापट फरक.

आता नद्या बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चारही नद्या त्या पश्चिमेकडच्या पावसाच्या पट्ट्यातून निघतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. प्रयाग चिखलीजवळ त्यांचा संगम होतो आणि पुढं तीच पंचगंगा शहराला वळसा घालून नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे गगनबावडा आणि राधानगरीत पडलेलं पाणी शहराजवळूनच जाणार. शहरात दिवसभर उघडीप असते, पोरं रंकाळ्यावर फिरत असतात आणि त्याच संध्याकाळी पंचगंगा फुटानं वाढलेली असते, ते यामुळंच.

फोनवर "कोल्हापूर" टाकलं की शहराचाच अंदाज दिसतो. त्याच्या जोडीला गगनबावडा आणि राधानगरी ही दोन नावंही जतन करून ठेवा. हवामान खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं. "कोल्हापूर घाट परिसर, ऑरेंज अलर्ट" असं वाचून शहरातला कार्यक्रम रद्द करायची गरज नसते, आणि शहराला यलो आहे म्हणून घाटात जायचं धाडसही करू नये.

२. कशासाठी येताय त्यावरून महिना निवडा

नुसतं फिरायला यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी नदीकाठी धुकं, दुपारी सोसवेल असं ऊन, रात्री स्वेटर. ऊसतोड चालू असते, गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि ताजा गूळ तेव्हाच खावा. फक्त रात्री गाडी चालवताना सांभाळा. उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागं लाल दिवा असेलच असं नाही, आणि धुक्यात त्या अगदी जवळ गेल्यावर दिसतात.

किरणोत्सव बघायचा असेल तर वर्षातून दोनच वेळा जमतं: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात. क्षितिजावर ढग, धूळ किंवा बाष्प असेल तर किरणं अर्ध्यातच फिकी पडतात. नोव्हेंबरात परतीच्या पावसाचे ढग कधीकधी रेंगाळलेले असतात. माझ्या मते लांबून येणाऱ्यानं जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस धरावेत, आणि एकाच दिवसाचं तिकीट काढून येऊ नये. दुपारी चारच्या आत रांगेला लागा.

एप्रिल-मे तापतो, पण सोलापूरसारखा भाजत नाही. दुपार कठीण असते. चार-पाचनंतर पश्चिमेकडून वारं सुटतं आणि गच्चीवर बसवतं. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. डोंगरावर लाखो माणसं, सावली थोडी, वर गुलाल. यात्रेला जाणार असाल तर पहाटेच चढा, डोक्याला सुती कापड बांधा, पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना त्या दिवशी नेऊ नका. जोतिबा पुढच्या रविवारीही भेटतो.

मुक्काम हलवायला, घर बदलायला मात्र एक काळ टाळाच: २० जुलै ते १५ ऑगस्ट. २००५ आणि २०२१ चे पूर जुलैच्या शेवटच्या आठवड्यातले, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातला. शेतकऱ्यांच्या हिशेबात हा पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस आणि त्यामागचा आश्लेषाचा पाऊस. जमीन तोवर भरलेली असते, धरणं भरत आलेली असतात, आणि त्यावर चार दिवसांची झड बसली की पाण्याला थांबायला जागा नसते.

३. घर बघायला जाताना एकच प्रश्न विचारा

"एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" हा प्रश्न एजंटला विचारून थांबू नका. कोपऱ्यावरचा किराणावाला, रिक्षावाले मामा, दूध घालणारा, या तिघांना विचारा. कोल्हापूरची माणसं भिंतीवर हात ठेवून रेघ दाखवतात. काही इमारतींवर ती रेघ अजून दिसते.

नदी दूर आहे म्हणून घर सुरक्षित, असं समजू नका. नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. जयंती नाला शहराच्या मधून वाहत पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढं जात नाही, उलट नदीचंच पाणी नाल्यातून मागं येतं. म्हणून नदी नजरेलाही न पडणाऱ्या व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरतं. सुतारवाडा, सिद्धार्थनगर, बापट कॅम्प, दुधाळी, रमणमळा, कदमवाडी-जाधववाडीचा सखल भाग, नागाळा पार्कचा नदीकडचा भाग, मुक्त सैनिक वसाहत, ही नावं पुराच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. तिथं हजारो कुटुंबं नीट राहतात, वाईट वस्त्या नाहीत त्या. पण तळमजला घेताना विचार करा, आणि घेतलाच तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी पहिल्या दिवसापासून ओळख ठेवा. टेंबलाईवाडी, सागरमाळ, राजारामपुरीचा चढावरचा भाग, आर. के. नगर हे उंचावर आहेत.

दुसरा प्रश्न: विजेचा मीटर किती उंचीवर आहे? तिसरा: पार्किंग तळघरात आहे का? कुणी सांगितलं की "दोन हजार पाचलाही इथं पाणी नव्हतं", तर तेवढ्यावर विश्वास टाकू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी २००५ ची रेघ ओलांडली आहे.

४. मृगाच्या आत घर लावून घ्या

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं आणि साधारण तेव्हाच पाऊस येतो. पण तारखेवर विसंबू नका. २०२५ मध्ये मान्सून २५ मे रोजीच तळकोकणात उतरला. मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तयारीला लागते.

कागदपत्रं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हाताशी येतील अशी:

- आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक
- भाडेकरार आणि चालू पत्त्याचं वीजबिल
- शाळा-कॉलेजचे मूळ दाखले
- गाडीचं आरसी बुक आणि विमा
- औषधांची चिठ्ठी
- या सगळ्याचे फोटो फोनमध्ये, आणि गावाकडच्या एखाद्या माणसाच्या फोनमध्येही

भाडेकरार आणि वीजबिल का, तर घरात पाणी शिरलंच तर नंतर पंचनामा होतो आणि तिथं तुम्ही त्या पत्त्यावर राहत होता हे दाखवावं लागतं. भाडेकरूंची अडचण बहुधा इथंच होते. तोंडी व्यवहारावर राहू नका.

सामानात भरलेला जादा गॅस सिलिंडर, टॉर्च, पॉवर बँक, पाण्याचे झाकणाचे कॅन, मेणबत्त्या, आणि दळण. आमच्या पहिल्या घरमालकीण काकी म्हणायच्या, "पाणी पात्राबाहेर पडलं की आधी दळाण आणून ठेवायचं बघा, मग बाकीचं." वीज गेली की गिरण्या बंद होतात, हे त्यांना पाठ होतं. पाण्याचंही तसंच. महापुरात चोहीकडं पाणी असतं आणि नळाला थेंब नसतो, कारण शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात. दोन्ही महापुरांत शहर टँकरवर होतं. काळम्मावाडीहून थेट पाईपलाईन आली असली तरी चार दिवसांचं प्यायचं पाणी साठवायची सवय मी मोडलेली नाही.

गाडीच्या विम्यात इंजिनचं वेगळं संरक्षण घ्या. आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चावी फिरवून बघू नका. त्यानं पाणी इंजिनात ओढलं जातं आणि ते नुकसान साध्या विम्यात बसत नाही. टोचन लावून गॅरेजला न्या.

५. पंचगंगेची पातळी वाचायला शिका

जुलै उजाडला की इथं सकाळचा पहिला प्रश्न "पाणी किती फुटांवर?" असा असतो. पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे दोन आकडे पाठ करा. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

पूर एकदम येत नाही, टप्प्याटप्प्यानं चढतो, आणि प्रत्येक टप्प्याला काय करायचं ते ठरलेलं आहे.

राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, ही बातमी दरवर्षी येते. घाबरायचं कारण नाही. हे कोल्हापूर पद्धतीचे बुटके बंधारे, पावसाळ्यात फळ्या काढून मोकळे केलेले असतात आणि पाणी त्यांवरून जायचंच. फक्त त्यांवरून गाडी घालू नका. "रोजचाच रस्ता आहे, घोट्याएवढंच पाणी आहे" म्हणून जाणारी माणसं दरवर्षी वाहून जातात.

मग पाणी पात्राबाहेर पडतं. घाटावरची मंदिरं बुडतात, लोक बघायला जातात. तुम्हीही जा, पण शिवाजी पुलावर गर्दीत मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहू नका. आषाढात याच नव्या पाण्याच्या घागरी पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या गजरात टेंबलाई देवीला नेतात, गल्लीगल्लीची जत्रा असते. तो सोहळा मात्र चुकवू नका.

३९ फुटांना सखल भागातल्यांनी तळमजल्यावरचं सामान वर न्यायला सुरुवात करायची. रात्र होण्याची वाट बघायची नाही. आंबेवाडी आणि चिखली या नदीकाठच्या गावांतून जनावरं हलायला लागली की समजा, यंदाचं पाणी मोठं आहे. "रेडेडोह फुटला" असं ऐकलंत की पन्हाळा-रत्नागिरीकडचा रस्ता आंबेवाडीच्या अलीकडं पाण्याखाली गेला. तिकडचा प्रवास रद्द करा.

४३ फुटांना प्रशासन सांगेल तेव्हा निघायचं. गॅस बंद, मेन स्विच बंद, कागदांची पिशवी, औषधं, फोन. मदतीसाठी जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ किंवा ११२. आणखी पाणी वाढलं तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद होतो. २०१९ ला तो जवळपास आठवडाभर बंद होता. दूध, भाजी, पेट्रोल सगळ्याची चणचण झाली. म्हणून पाणी चाळिशीत असतानाच गावी जायचं की इथंच थांबायचं, ते ठरवा. अर्ध्या वाटेत अडकणं सगळ्यात वाईट.

आणखी दोन बातम्यांकडं लक्ष ठेवायचं. पहिली, राधानगरी धरण. छत्रपती शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण, त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून साधारण १४०० क्युसेक पाणी भोगावतीत येतं. किती दरवाजे उघडले यावरून शहरात पाणी किती वाढेल याचा अंदाज बांधतात. दुसरी बातमी पूर्वेकडची. नरसोबावाडीला कृष्णा आधीच भरून वाहत असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा धरतं. पाऊस थांबूनही पूर उतरत नाही, तो यामुळं. कृष्णेच्या वरच्या अंगाचं कोयना आणि खालच्या अंगाचं अलमट्टी या धरणांच्या विसर्गाचे आकडे कोल्हापूरच्या बातम्यांत का असतात, ते आता कळेल. याच कारणानं नरसोबावाडीच्या शिरोळ तालुक्यात स्वतःचा पाऊस सगळ्यात कमी आणि महापुराचा मुक्काम सगळ्यात लांब.

नरसोबावाडीला दत्ताच्या देवळात पाणी उत्तर दारानं शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. भाविक त्या पाण्यात स्नान करतात. जायचं असेल तर देवस्थानची माणसं आणि नावाडी सांगतील तिथंच थांबा.

६. वळीव ओळखा

एप्रिल-मेच्या दुपारी वारं पडलं, घामानं जीव नकोसा झाला आणि पूर्वेकडं काळं दाटलं की तासा-दोन तासांत वळीव येतो. मृगाचा पाऊस पश्चिमेकडून येतो, वळीव बहुधा उलट्या दिशेनं. तो आधी धूळ आणि वारं घेऊन येतो, मग गारा. झाडं पडतात, फ्लेक्स उडतात, वीज जाते. आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या झाडाखाली गाडी लावून आडोशाला उभं राहू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या, विशेषतः पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार अशा उघड्या माथ्यावर असाल तर.

७. चप्पल, कपडे, भिंती

कोल्हापुरी चप्पल नोव्हेंबर ते मार्च घ्या. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं ते कातडं पाण्यात भिजलं की फुगतं, वास धरतं. पावसाळ्यात ती घालायचीच नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून उंच ठेवायची, मधूनमधून तेलाचा हात द्यायचा. चुकून भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात ती तडकते.

जुलैत कपडे दोन-तीन दिवस वाळत नाहीत. जाड जीन्स कमी, सुती आणि पटकन वाळणारे जास्त ठेवा. जुन्या मातीच्या वाड्यात खोली घेतली असेल तर पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नका. पाऊस त्याच बाजूनं मारतो, ओल तिथूनच येते.

८. पावसाळ्यात घाटाकडं जाताना

राऊतवाडीचा धबधबा, बर्की, आंबा घाट, गगनबावडा, सगळं बघण्यासारखं आहे. पण ते जुलैत बघायलाच हवं असं नाही. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, धबधबे तेव्हाही चालू असतात आणि मसाई पठारावर फुलं आलेली असतात. मी पाहुण्यांना नेहमी तेव्हाच बोलावते. दाजीपूरचं अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतं, ते नोव्हेंबरनंतर धरा.

निघायच्या आधी रस्ता विचारून घ्या. गगनबावडा मार्गावर सखल जागी पुराचं पाणी येतं, पुढं करूळ घाटात दरड पडते, मग वाहतूक भुईबावड्यानं किंवा फोंड्यानं वळवतात. २०२१ च्या पावसात पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. धबधब्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पाला-काटक्या वाहून यायला लागल्या की लगेच बाहेर या, वर कुठंतरी जोराचा पाऊस झालेला असतो. माथ्यावर धुकं दुपारनंतर दाटतं आणि पुढच्या गाडीचा दिवाही दिसेनासा होतो, तेव्हा तीन-साडेतीनला परतीला लागा आणि गावाकडच्या रस्त्यावर पाणी आलेलं दिसलं तर जवळच्या वस्तीत रात्र काढा. चहा विचारल्याशिवाय कुणी तुम्हाला बाहेर उभं ठेवणार नाही.